एवढ्याशा हातावर किती सुया?

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आम्ही चिपळूणला राहतो. दोन वर्षांपासून तिला सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते, नाक गळतं, डोळे चोळून चोळून लाल करते. पावसाळ्यात रात्री छातीत घुरघुर होते. यंदा दोनदा दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली. डॉक्टरांनी पंप आणि रोज रात्री एक गोळी सुरू केली आहे. आता ते म्हणतात, पुण्याला नेऊन हातावरची अ‍ॅलर्जी टेस्ट करून घ्या. सासूबाईंचा ठाम विरोध आहे, एवढ्याशा पोरीला इतक्या सुया टोचायच्या नाहीत म्हणून. शेजारच्या वहिनींनी मुलाची रक्ताची तपासणी केली, एका नमुन्यात दोनशेच्या वर पदार्थ. त्यात गहू, दूध, तूरडाळ, वांगं, केळं असं सगळंच बंद निघालं. त्या धास्तीने मीही मुलीचं दूध, दही, केळं थांबवलं आहे. ही टेस्ट किती दुखते? आधी औषधं बंद करावी लागतात म्हणे, मग दमा उठला तर? त्यापेक्षा रक्ताची का नको? टेस्ट केल्यावर ती बरी होईल का? आणि जाता जाता: मला कपाळावर टिकलीच्या जागी खाज येऊन पांढुरका डाग पडलाय. माझीही टेस्ट त्याच वेळी उरकून घेऊ का?
— एक आई, चिपळूण

उत्तर:

नमस्कार ताई,

सुरुवात सासूबाईंपासून करते, कारण पत्रावरून दिसतंय की गाडी तिथेच अडली आहे. 'सुया' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर इंजेक्शन येत असणार, आणि नातीच्या हातावर पंधरा-वीस इंजेक्शनं कोणत्या आजीला बघवतील? पण या टेस्टमध्ये सिरिंज नसते, आत काही सोडत नाहीत, रक्त काढत नाहीत. हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मधल्या जागेत पेनाने आकडे लिहितात. प्रत्येक आकड्याशेजारी एकेका अर्काचा थेंब ठेवतात: कुठे डस्ट माइटचा (म्हणजे अंथरुणातल्या धुळीत राहणारा बारीक किडा), कुठे झुरळाचा, कुठे बुरशीचा, कुठे गवताच्या परागाचा. दोन थेंबांमध्ये साधारण दोन सेंटीमीटर अंतर. मग लॅन्सेटचं, म्हणजे छोट्या टोचणीचं टोक, जेमतेम एक मिलिमीटरचं, थेंबातून कातडीवर टेकवून किंचित दाबतात. वरचा पापुद्रा तेवढा भेदला जातो. रक्त येणं अपेक्षितच नसतं. प्रत्येक थेंबाला नवं टोक वापरतात, म्हणजे एका थेंबातलं दुसऱ्यात मिसळत नाही.

हे सगळं टोचून व्हायला काही मिनिटं पुरतात. मुलांना खरा जाच होतो तो नंतर. पंधरा-वीस मिनिटं हात पालथा न करता, न खाजवता बसायचं असतं, आणि जिथे थेंब लागू पडलाय तिथे डास चावल्यासारखी कडक खाज सुटते. तेवढ्या वेळासाठी तिच्या आवडीचं काहीतरी फोनवर आधीच भरून ठेवा. आणि घरून निघताना 'काही करणार नाहीत गं, नुसतं बघणार आहेत' असं सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलीला खरं सांगितलेलं सोसतं: टुचुक टुचुक होईल, मग खाजेल, खाजवायचं नाही, नंतर पट्टीने मोजतील. खोटं सांगून नेलेलं मूल दुसऱ्या टोचणीला हात ओढून घेतं, आणि मग सासूबाईंचंच खरं ठरतं.

त्या थेंबांत दोन थेंब तपासणीचीच तपासणी करणारे असतात. एक नुसत्या सलाईनचा, म्हणजे तिथे काहीच उठता कामा नये. दुसरा हिस्टामिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत खाज-सूज आणणाऱ्या रसायनाचा, तिथे गांध उठलीच पाहिजे. अंगावर पित्त उठतं तेव्हा ज्या गांधी येतात ना, तशीच ही एक छोटी गांध, भोवती लाली. ठरलेली वेळ झाली की प्रत्येक गांधीचा व्यास मोजतात. सलाईनच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर ती 'पॉझिटिव्ह'. हिस्टामिनच्या जागी काहीच उठलं नाही, तर त्या दिवसाचा सगळा रिपोर्ट बाद. हे का सांगते आहे ते पुढे औषधांच्या वेळी कळेल.

सासूबाईंना हेही सांगा की ही टूम कालपरवाची नाही. मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांना गवत फुलायच्या दिवसांत शिंकांनी हैराण व्हायला होई. त्यांनी १८६०च्या दशकात स्वतःचीच कातडी खरवडून त्यावर पराग लावून पाहिले, आणि १८७३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. गंमत म्हणजे ते होमिओपॅथ होते. आजची टेस्ट त्याच युक्तीची सुधारलेली, कमी दुखणारी आवृत्ती आहे. आतली यंत्रणा मात्र शंभर वर्षांनी, १९६०च्या दशकाच्या अखेरीस उलगडली: शरीर एखाद्या निरुपद्रवी वस्तूविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवून ठेवतं, ती कातडीतल्या, नाकातल्या, श्वासनळीतल्या विशिष्ट पेशींवर चिकटून बसतात, आणि ती वस्तू पुन्हा भेटली की त्या पेशी हिस्टामिन ओततात. नाकात ओतलं तर शिंका, कातडीत ओतलं तर गांध.

म्हणूनच औषधांची भानगड. सर्दी-खाजेवरच्या बहुतेक गोळ्या हिस्टामिनलाच अडवतात. ती गोळी अंगात असेल तर माइटची कितीही अ‍ॅलर्जी असू दे, हात कोरा दिसतो. इतक्या लांबून येऊन, घाट उतरून-चढून, हिस्टामिनच्या जागीच काही उठलं नाही म्हणून परत जाणारे लोक असतात, आणि त्यांची चूक नसते. त्यांना अर्धवट सांगितलेलं असतं. त्यामुळे इथे जरा थांबून वाचा.

मुलीला रोज रात्री 'एक गोळी' आहे असं तुम्ही लिहिलंय. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं बघा. आपल्याकडे मुलांना बहुतेक वेळा मोंटेलुकास्ट आणि लिव्होसेटिरिझिन अशी जोडगोळी देतात. यातल्या मोंटेलुकास्टने टेस्टला बाधा येत नाही. लिव्होसेटिरिझिनने येते. तेव्हा गोळीच बंद करून मोकळ्या होऊ नका. तुमच्या डॉक्टरांना सांगा की टेस्टपुरतं नुसतं मोंटेलुकास्ट लिहून द्या. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन ही मंडळी साधारणपणे पाच ते सात दिवस आधी थांबवतात. प्रत्येक केंद्राचा हिशेब थोडा इकडे-तिकडे असतो. जिथे टेस्ट करणार तिथलाच पाळा.

आता लपलेली औषधं. खोकल्याच्या आणि सर्दीच्या कितीतरी बाटल्यांमध्ये क्लोरफेनिरामिन असतं, तेही याच जातीचं. नाकात मारायच्या स्प्रेमध्ये अ‍ॅझेलास्टिन असेल तर तो, आणि डोळ्यांची खाज थांबवणारे थेंब असतील तर ते, दोन्ही दाखवून विचारा. आणि चिपळूणहून येणाऱ्यांसाठी खास: कुंभार्ली घाटात मुलांना उलटी होऊ नये म्हणून निघताना जी गोळी देतात, तिच्यात बहुधा प्रोमेथाझिन किंवा तसलंच काही असतं. तेसुद्धा अँटीहिस्टामिनच. आठवडाभर सगळं काटेकोर पाळायचं आणि निघायच्या दिवशी पहाटे ती एक गोळी द्यायची, की सगळं मुसळ केरात. खिडकीशेजारी पुढे बसवा, पोट फार भरू नका, हवं तर आदल्या दिवशी पुण्यात मुक्कामाला या. पण ती गोळी नको.

जे बंद करायचं नाही ते असं: पंप. कोणताच पंप. रोजचा स्टिरॉइडचा पंप टेस्टच्या निकालात ढवळाढवळ करत नाही, आणि धाप लागल्यावर घ्यायचा पंपही करत नाही. नाकातला साधा स्टिरॉइड स्प्रेही चालू ठेवता येतो. तुम्हाला वाटणारी भीती, म्हणजे औषधं बंद केल्यावर दमा उठेल, ही पंप चालू असताना बरीच कमी होते. गोळी बंद असेल त्या आठवड्यात शिंका आणि नाक गळणं वाढेल, ते गृहीत धरा; मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुतलं तर आराम पडतो (पाणी उकळून कोमट केलेलं हवं). अगदीच सहन होईना तर गोळी द्या आणि तारीख पुढे घ्या. घुरघुर सुरू झाली, रात्री झोपमोड व्हायला लागली, तर टेस्ट विसरा, आधी छाती. दमा आटोक्यात नसताना कोणताही शहाणा डॉक्टर ही टेस्ट करत नाही. आधी छाती ऐकतात, हातात फुंकायचं यंत्र देऊन जोर मोजतात, मगच थेंब ठेवतात.

यावरून तारखेचंही उत्तर मिळतं. पाऊस पुरता थांबून छाती निवळली की जायचं. दिवाळीची सुट्टी सोयीची, पण फटाक्यांचा धूर ओसरू द्या, अगदी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नको. आणि दिवाळीत हातभर मेंदी काढू देऊ नका, तळव्यापुरती काढा. कोपरापर्यंत लाल रंगलेल्या हातावर लाली कशी वाचायची? टेस्टच्या दिवशी हाताला खोबरेल, उटणं, लोशन, काही लावू नका. नुसती आंघोळ. उपाशी आणायची गरज नाही, उलट खाऊन आणा.

घरात आणखी कुणी ही टेस्ट करणार असेल तर त्यांच्यासाठी एवढंच. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्यांमध्ये बीटा-ब्लॉकर असेल, मन शांत राहायला किंवा अर्धशिशीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असेल, दिवस गेले असतील, तर टेस्टची वेळ घेतानाच सांगायचं. यातलं काहीही आपल्या मनाने थांबवायचं नाही.

धोका किती? या टोचण्यांनी सगळ्या अंगावर परिणाम होणं फार विरळ आहे, पण अशक्य नाही. म्हणून डॉक्टर समोर हजर हवेत आणि कपाटात असा परिणाम आवरणारं अ‍ॅड्रेनालिन हवं. फोनवर वेळ घेताना हे सरळ विचारा. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही. घरी येऊन टेस्ट करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. उठलेल्या गांधी तास-दोन तासांत बसतात. कधी कधी संध्याकाळी त्याच जागी पुन्हा सूज आणि खाज येते, ती दुसऱ्या दिवसापर्यंत जाते. गार पाण्याची घडी ठेवा. आणि आता रात्रीची नेहमीची गोळी द्यायला हरकत नाही.

इथपर्यंत सुयांचं झालं. खरं सांगू? मला तुमच्या पत्रात सुयांपेक्षा जास्त काळजी वाटली ती दूध-दही-केळ्याच्या वाक्याची.

हातावर गांध उठली याचा अर्थ एवढाच की त्या वस्तूविरुद्ध शरीराने आयजीई बनवून ठेवलंय. त्या वस्तूने त्रास होतोच, असा त्याचा अर्थ नाही. कितीतरी धडधाकट माणसांच्या हातावर माइटची, झुरळाची गांध उठते आणि त्यांना आयुष्यात शिंक येत नाही. खाण्याच्या बाबतीत तर हे फार ठळक आहे: थेंबाने 'नाही' म्हटलं तर ते बहुतेक वेळा खरं असतं, पण 'हो' म्हटलं तर त्यातले कितीतरी 'हो' पोकळ निघतात. म्हणून आधी कहाणी, मग थेंब. काय खाल्ल्यावर, किती वेळात, नेमकं काय झालं, हे सांगता आलं तरच त्या पदार्थाचा थेंब ठेवण्यात अर्थ. कहाणी नसताना दोनशे पदार्थ तपासले की त्यातले काही ना काही उजळणारच.

तुमच्या मुलीची कहाणी बघा. सकाळच्या शिंका, डोळे, पावसाळ्यातली रात्रीची घुरघुर. ही श्वासातून आत जाणाऱ्या वस्तूंची कहाणी आहे, खाण्याची नाही. खाण्याची अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत तोंड दाखवते: ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, श्वास अडकतो. नऊ वर्षांत दूध, दही, केळं खाऊन असं कधी झालं नसेल, तर आज संध्याकाळपासून पुन्हा सुरू करा. हे टेस्टपर्यंत लांबवायचं कारण नाही. उगाच बंद ठेवण्यात नुकसान आहे. वाढीचं तर आहेच, शिवाय अ‍ॅलर्जीचा पिंड असलेल्या मुलांत एखादा पदार्थ फार काळ तोडला तर शरीराची त्याच्याशी असलेली ओळख पुसली जाण्याची भीती असते. (आणि तसं काही झालं असेल, एकदाही, तर मात्र घरी प्रयोग नको, ते डॉक्टरांना आधी सांगा.) सासूबाई म्हणतील, केळं थंड, दही थंड. असू दे. रात्री ऐवजी दुपारी द्या, वाद मिटला. थंड-उष्णाचा थेंब कुठल्याच पेटीत नसतो.

शेजारच्या वहिनींच्या रिपोर्टवर एकदा नजर टाका. आयजीई लिहिलंय की आयजीजी? शेवटच्या एका अक्षराचा फरक, पण जमीन-अस्मानाचा. आयजीजी ही बहुतेक वेळा तो पदार्थ पोटात जातो याची खूण असते. जो मुलगा रोज पोळी आणि वरण-भात खातो त्याच्यात गहू आणि तूर सापडणारच! युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट सांगितलं की अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखायला ही तपासणी वापरू नये. तरी पॅकेजं विकली जातात, छान रंगीत तक्ते येतात, आणि आया डबे रिकामे करत बसतात. मला याचा राग येतो. गहू, दूध, तूरडाळ काढल्यावर वाढत्या मुलाच्या ताटात उरलं काय? वहिनींना सांगा, तो कागद घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे जा, आणि तोवर मुलाला पूर्वी सोसत होतं ते खाऊ द्या.

म्हणजे रक्ताची तपासणी वाईटच, असं नाही. एकेका वस्तूविरुद्धचं आयजीई रक्तात मोजता येतं आणि ती रीतसर, कामाची तपासणी आहे. गोळ्या थांबवणं शक्य नसेल, अंगभर इसब असेल, पूर्वी जीवावर बेतलेली अ‍ॅलर्जी आली असेल, तर तीच निवडतात. किंवा कातडीच अशी असेल की नखाने रेघ मारली की फुगून वर येते. तसल्या कातडीवर सलाईनचा थेंबही गांध उठवतो. मुलीच्या पाठीवर नखाने हलकी रेघ ओढून बघा, दोन-तीन मिनिटांत दोरीसारखी उमटली तर टेस्टच्या आधी सांगा. तसं काही नसेल तर हातावरची टेस्ट बरी: निकाल समोर, त्याच भेटीत. एक मात्र लक्षात असू द्या, 'टोटल आयजीई' नावाचा एकच आकडा हाती देऊन 'खूप अ‍ॅलर्जी आहे' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. पोटात जंत असले तरी तो आकडा चढतो.

तुमच्या मुलीसाठी किती थेंब? दहा ते पंधरा नेमके निवडलेले पुष्कळ झाले. चिपळूणच्या हवेत मी पहिल्यांदा डस्ट माइट बघेन. त्याच्या दोन-तीन जाती असतात, दमट किनारपट्टीवर ब्लोमिया नावाची जात विचारात घ्यायलाच हवी. मग झुरळ. मग बुरश्या, अल्टरनेरिया आणि अ‍ॅस्परजिलस धरून. दम्याच्या रोग्यात अ‍ॅस्परजिलसची गांध उठली तर त्याचा पुढे वेगळा तपास करतात, म्हणून ती गाळू नये. मग गवतांचे पराग, त्यात हरळी, म्हणजे आपली गणपतीची दूर्वा. घरात मांजर-कुत्रा असेल तर त्यांचे. धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल, चुलीचा धूर, ताजा रंग यांचा थेंब नसतो. ते नाक आणि छाती चुरचुरवतात, पण आयजीईच्या वाटेने नाही. टेस्टमध्ये आलं नाही म्हणून देवघरातली अगरबत्ती निर्दोष ठरत नाही. तसंच कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारा फुप्फुसाचा आजारही या टेस्टला दिसत नाही. त्याची जात वेगळी.

जाताना एक छोटी वही न्या: शिंका कुठल्या खोलीत, कुठल्या महिन्यात, आजोळी गेल्यावर कमी होतात का. आणि फोनमध्ये फोटो: तिची गादी, ओल आलेली भिंत, कपाटाची मागची बाजू, घरातल्या सगळ्या औषधांच्या पाकिटांच्या मागच्या बाजू. डॉक्टरला यातून जे कळतं ते कधी कधी थेंबांतूनही कळत नाही.

बरी होईल का, विचारलंत. टेस्ट हा उपचार नव्हे. पण नाव कळलं की कामाला दिशा मिळते. समजा माइट निघाला. हा किडा डोळ्यांना दिसत नाही, आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या भुकटीवर जगतो, पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. कोकणातला पावसाळा म्हणजे त्याची दिवाळी. त्याचं बस्तान मुख्यतः अंथरुणात, म्हणून पैसा आणि श्रम तिथेच घाला: गादी-उशीला घट्ट विणीचं, चेनचं कव्हर, चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात, साधारण साठ अंशांच्या, गोधडी आजीच्या लुगड्याची असली तरी तीही त्याच पाण्यात. मऊ खेळणी पलंगावरून खाली. चार महिने ऊन नसतं हे मला माहीत आहे. उघडीप मिळाली की आधी तिचं अंथरूण बाहेर, पापड नंतर. हवा शुद्ध करायचं महाग यंत्र मात्र घेऊ नका. माइटची घाण जड असते, लगेच खाली बसते, यंत्राच्या तोंडाशी जातच नाही. ओल आलेल्या भिंतीची गळती बुजवायला तोच पैसा लावा. झाडताना मुलगी खोलीत नको, आणि ओल्या फडक्याने पुसा.

एवढं करून आणि पंप नियमित घेऊनही त्रास राहिला, तर अ‍ॅलर्जीची 'लस' म्हणतात तो उपचार आहे. ज्याची अ‍ॅलर्जी त्याचाच अर्क अगदी थोडा थोडा, वाढवत नेऊन शरीराला सवय लावायची. लंडनला लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये याची सुरुवात केली. इंजेक्शनाने देतात किंवा जिभेखाली थेंब-गोळीने. तीन ते पाच वर्षं चालतो. इंजेक्शन घेतलं की दर वेळी अर्धा तास दवाखान्यात बसायचं, म्हणजे तुम्हाला किती फेऱ्या पडतील ते आधी विचारा. जिभेखालचा प्रकार लांबच्या गावांना सोयीचा. माइटसाठी, परागांसाठी याचा चांगला उपयोग होतो. पण ज्या वस्तूची गांध आणि कहाणी जुळते त्याच्याचसाठी. रिपोर्टमधल्या बारा-पंधरा वस्तूंची एकत्र मिसळ करून बाटली देणारा कुणी भेटला तर उठून या. आणि टेस्टच्या दिवशीच, मुलगी हात चोळत बसलेली असताना, त्याचे पैसे भरू नका. घरी या, बोला, मग ठरवा.

राहिली तुमची टिकली. त्याच फेरीत उरकणार नाही, कारण ती टेस्ट निराळी. टिकलीमागच्या डिंकातल्या रसायनाने कातडी बिघडणं आपल्याकडे बायकांत चांगलंच माहितीचं आहे, आणि त्याच रसायनाने रंगही उडतो, म्हणून तो पांढुरका डाग. पण यात आयजीईचा हात नसतो, हे काम सावकाश चालणाऱ्या पेशींचं. त्यासाठी पॅच टेस्ट: पाठीवर छोट्या वाट्यांतून पदार्थ चिकटवतात, अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवतात, काढून वाचतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा वाचतात. केसांचा कलप, नकली दागिन्यांतलं निकेल हेही त्यातच कळतं. हे काम त्वचारोगतज्ज्ञांचं. त्यांच्याकडे जाताना वापरातल्या टिकल्यांची पाकिटं आणि कुंकवाची डबी बरोबर न्या. तोवर चिकटणारी टिकली पूर्ण बंद, मंगळागौर असो की लग्न. त्याऐवजी बाजारातलं लाल कुंकूही नको, त्यातल्या रंगांनीही हेच होतं. डाग दुसरीकडे कुठे दिसला तर लवकर दाखवा. आणि वेळ डिसेंबर-जानेवारीतली घ्या. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. चिपळूणच्या ऑक्टोबरात ते जमायचं नाही.